जर्क चिकन पहिल्यांदा करताय? मग पेटवण्याआधी हे वाचा

आधीच सांगून टाकतो, जमैकाचं जर्क चिकन म्हणजे भरपूर लाल तिखट चोळून भाजलेली कोंबडी नव्हे. यात दही नाही, हळद नाही, लाल तिखट नाही, कसुरी मेथी तर अजिबातच नाही. आपल्याकडे कॅफेत जर्क म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा तंदुरीचा चुलतभाऊ असतो, वर लिंबू पिळून दिलेला. खरं जर्क दिसायला काळपट तपकिरी असतं, आणि नाकाला आधी मिरची लागत नाही, आधी लागतो लवंग-दालचिनी-जायफळ एकत्र जाळल्यासारखा धूर. तिखट नंतर येतं, आणि येतं तेव्हा बरंच येतं.

मी क्रूझच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, कामाला होतो तेव्हा माझ्या शेजारच्या स्टेशनला जमैकाच्या पोर्टलँड भागातला एक कुक होता, सगळं त्याच्याकडून शिकलो. बोट जमैकाला लागली की तो जर्क खायला जायचा आणि टुरिस्ट लोकांच्या हॉटेलात काय देतात त्यावर वाटभर बोलायचा. पोर्टलँडमधलं बॉस्टन बे हे जर्कचं माहेर मानतात, म्हणजे बोलण्याचा हक्क त्याला होता. मला विचाराल तर जर्कमध्ये तीनच गोष्टींवर तडजोड चालत नाही: ऑलस्पाइस (लवंगेसारखा लागणारा एका झाडाचा दाणा), धूर आणि मंद विस्तव. बाकी सगळ्याला पर्याय आहेत, ते खाली देतो.

मागचा इतिहास थोडक्यात, कारण तो कळला की पद्धत आपोआप कळते. १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिश लोकांकडून जमैका घेतलं, त्या धामधुमीत आणि पुढेही मळ्यांवरचे आफ्रिकन गुलाम डोंगरात पळाले, त्यांना मरून म्हणतात. तिथले मूळचे टाइनो लोक आधीपासून मांस धुरावर भाजून टिकवत होतेच. मरून लोक रानडुक्कर मारायचे, मीठ-मसाला-मिरची चोळायचे आणि पिमेंटोच्या म्हणजे ऑलस्पाइसच्या लाकडावर सावकाश भाजायचे. खड्डा करून वर झाकायचे, म्हणजे धूर दिसून इंग्रज सैनिकांना ठावठिकाणा लागू नये, असं तिकडे सांगतात. शेवटी इंग्रजांनाच १७३९ आणि १७४० मध्ये त्यांच्याशी तह करावे लागले, आणि मरून लोकांची पुढारी नॅनी आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे. तर मूळ पदार्थ डुकराचा, चिकन नंतर आलं. झाकण, मंद आग आणि हे विशिष्ट लाकूड मात्र तेव्हापासूनचं.

काय काय लागेल

साधारण दीड किलो चिकनचा हिशोब देतोय, पाच-सहा माणसांना पुरतं.

- चिकनचे अख्खे लेग, सालीसकट: दीड किलो
- अख्खं ऑलस्पाइस: २ मोठे चमचे वाटणाला, ३ मोठे चमचे धुराला वेगळं
- स्कॉच बॉनेट मिरच्या: ३ (पर्याय पुढे)
- पातीचा कांदा: ७-८ काड्या, पातीसकट
- लसूण ८ पाकळ्या, आलं दीड इंच
- ताजा थाईम १० काड्या, किंवा सुका दीड छोटा चमचा
- काळी मिरी १ छोटा चमचा, जायफळ किसून अर्धा, दालचिनी पूड अर्धा
- गूळ किंवा ब्राऊन शुगर २ मोठे चमचे
- सोया सॉस ३, व्हिनेगर २, तेल ३ मोठे चमचे, २ लिंबांचा रस
- मीठ २ छोटे चमचे, सपाट
- तमालपत्र मूठभर, धुरासाठी

हत्यारं म्हणाल तर झाकणवाली शेगडी किंवा ग्रिल, लाकडी कोळसा, लांब चिमटा, हातमोजे, आणि एक सत्तूर. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळाला तर घ्याच, महाग नसतो आणि अंदाजपंचे कमी होतं.

१. आधी ऑलस्पाइस शोधा, बाकीचं नंतर

इथेच निम्मे लोक फसतात. दुकानात ऑलस्पाइस म्हटलं की काही जण कबाबचिनी काढून देतात. बऱ्याच ठिकाणी ऑलस्पाइसलाच कबाबचिनी म्हणतात हे खरं, पण त्याच नावाने कंकोळही विकतात, आणि कंकोळ वेगळी वस्तू आहे, मिरीच्या कुळातली. ओळखायचं कसं, तर कंकोळाच्या दाण्याला देठाची छोटी शेपटी असते. ऑलस्पाइसला शेपटी नसते, दाणा मिरीपेक्षा मोठा, तपकिरी, बऱ्यापैकी गुळगुळीत. एक दाणा दातांखाली फोडून बघा, लवंगेसारखं लागलं पाहिजे. कापरासारखा कडवट गारवा लागला तर परत द्या. आणि पाकिटावर "ऑल स्पाइस मिक्स" असं काही लिहिलं असेल तर तेही नको, हा एकाच झाडाचा दाणा आहे, मसाल्यांचं मिश्रण नाही.

कोकणातल्यांना एक फायदा आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये ऑलस्पाइसचं रोप मिळतं, कित्येकांच्या परसात झाड असतं आणि त्याची पानं बिर्याणीत नाहीतर मटणात टाकतात. याला फळ धरेलच असं नाही, कारण या झाडात नर-मादी वेगळी निघतात. पण आपल्याला पानं आणि छाटलेल्या फांद्याच हव्यात, जमैकात मांस ज्या लाकडावर भाजतात ते हेच झाड! ओळखीत कोणाकडे असेल तर छाटणीच्या वेळी दोन फांद्या मागून ठेवा.

परदेशात असाल तर सोपं आहे. लंडनमध्ये ब्रिक्स्टन, टोरंटोत एग्लिंटन वेस्टवरचं लिटल जमैका, न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनचं फ्लॅटबुश, कुठल्याही कॅरिबियन दुकानात जाऊन पिमेंटो मागा. तिकडे ऑलस्पाइसला पिमेंटोच म्हणतात. फक्त सुपरमार्केटमध्ये पिमेंटो म्हणून ऑलिव्हमध्ये भरायची लाल गोडी मिरची हातात येऊ शकते, ती नाही.

२. मिरची: तिखटापेक्षा वास बघा

स्कॉच बॉनेट दिसायला चेपलेल्या टोपीसारखी, पिवळी-केशरी-लाल, आणि तिला पिकल्या फळासारखा वास असतो. जर्कचा दुसरा वास हा. म्हणून लवंगी किंवा साधी हिरवी मिरची घातली तर तिखट होईल पण जर्क होणार नाही, ठेच्याच्या वाटेला जाईल.

जवळचा पर्याय म्हणजे हाबानेरो, मोठ्या शहरात आणि ऑनलाइन मिळते, ती तेवढ्यास तेवढी घाला. सिक्कीम-दार्जिलिंगकडची गोल डल्ले मिळाली तर तीही छान चालते. भूत जोलोकियाला तो फळाचा वास आहे कारण कुळ एकच, पण सांभाळून. स्कॉच बॉनेट साधारण १ लाख ते साडेतीन लाख स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं माप) असते, भूत जोलोकिया १० लाखांच्या आसपास जाते. म्हणजे तीन स्कॉच बॉनेटऐवजी भूत जोलोकिया अर्धीच, आणि जोडीला थोडी लाल सिमला मिरची रंगाला-गोडीला.

हातमोजे घाला. खरंच घाला. आपण कोल्हापूरचे, आपल्याला काय होतंय, असं म्हणून उघड्या हातांनी चिरलं की रात्री डोळा चोळताना कळतं. हाताला लागलीच तर आधी तेल चोळा, मग साबण, नुसत्या पाण्याने ते जात नाही.

३. चिकनवाल्याला नीट सांगा

आपल्याकडे सांगितलं नाही तर पिसांबरोबर साल पण जाते आणि समोर करी कट येतो. जर्कला साल हवीच, तासभर विस्तवावर राहायचंय, साल नसेल तर वरचं मांस सुकून चामडं होतं. त्यामुळे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "विथ स्किन पाहिजे, गरम पाण्यातून काढून पिसं साफ करा, लेग अख्खे ठेवा, तुकडे नकोत." गर्दीच्या रविवारी सकाळी ११ वाजता हे सांगायला गेलात तर कोणी ऐकून घेणार नाही. ब्रेस्ट नका घेऊ, सुकतं. अख्खी कोंबडी करायची असेल तर पाठीच्या कण्यातून कापून पुस्तकासारखी उघडून घ्या.

घरी आणल्यावर टिश्यूने किंवा स्वच्छ कापडाने कोरडं करा, ओलं राहिलं तर मसाला घसरतो. सालीवरून मांसापर्यंत जाणाऱ्या दोन-तीन चिरा द्या, सांध्याजवळ एक खोल.

४. वाटण

ऑलस्पाइस आणि मिरी कोरड्या तव्यावर मंद आचेवर जरा गरम करा, वास सुटला की बास. मग कुटून घ्या. खलबत्ता असेल तर उत्तम, मिक्सर असेल तर पल्सवर. बाकीचं सगळं घालून भरड वाटा. चटणीसारखं गुळगुळीत गंध करू नका, सालीवर मसाल्याचे कण दिसले पाहिजेत, तेच भाजून काळे होतात आणि चव तिथेच असते. पाटा-वरवंटा असलेल्यांना मी काय सांगणार, तुम्ही जिंकलेले आहात.

थाईम मिळाला नाही तर? कुंडीत पानओवा असेल तर तीन-चार पानं घाला. हा जुगाड वाटेल पण कॅरिबियन बेटांवर पानओव्यालाच जाड पानांचा थाईम म्हणून स्वयंपाकात वापरतात. जास्त घालू नका, उग्र असतो.

मीठ जपून, सोया सॉसमध्ये आधीच आहे. आणि मरून लोकांच्या रानडुकरात सोया सॉस कुठला, असं कोणी विचारलं तर बरोबरच आहे, जमैकात चिनी मजूर आले ते १८५४ पासून, ही त्यानंतरची भर. कट्टर लोक अजूनही घालत नाहीत. मी घालतो, रंग चांगला येतो.

रेडीमेड जर्क पेस्टची बाटली आणलीत तरी हरकत नाही, त्यात लाज कसली. फक्त ती खारट असते, तेव्हा वेगळं मीठ घालू नका, आणि तिच्यात थोडा पातीचा कांदा आणि ताजं कुटलेलं ऑलस्पाइस मिसळा.

५. मुरवणं

वाटणातलं चार मोठे चमचे आधीच बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवा, सॉसला लागेल. कच्च्या चिकनला लागलेलं वाटण सॉस म्हणून वाढायचं नाही, पोटं बिघडतील.

उरलेलं चिकनला चोळा, चिरांमध्ये भरा, सालीखाली बोटं घालून तिथेही लावा. काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात झाकून फ्रीजमध्ये रात्रभर. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, आंबट आहे. २४ तासांच्या पुढे मी नेत नाही, लिंबू-व्हिनेगरने मांस पिठूळ होतं. आणि एक तासात होईल का असं विचारणाऱ्यांनी त्या दिवशी चिकन सिक्स्टी-फाइव्ह करावं.

६. विस्तव आणि धूर

इथे जरा थांबतो कारण चिकन बिघडतं ते इथेच.

जमैकात रस्त्यावर तेलाचा ड्रम उभा चिरून, बिजागरी लावून शेगडी केलेली असते, तिला जर्क पॅन म्हणतात. बॉस्टन बेला तर विस्तवावर थेट पिमेंटोच्या ओल्या काठ्या शेजारी शेजारी मांडलेल्या, त्यावर मांस आणि वर पन्हाळी पत्रा झाकलेला. पत्रा उचलला की धुराचा लोट येतो, भाजणारा मान वळवून डोळे मिटून चिमट्याने तुकडे पलटतो आणि परत पत्रा टाकतो. काठ्या हळूहळू खालून जळतात, त्यांचं तेल मांसात जातं. हे बघून भंगारवाल्याकडचा ड्रम आणायची हुक्की येते, तर आधी विचारा त्यात काय होतं. केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी नको. जस्त चढवलेला पत्रासुद्धा निखाऱ्यांच्या जवळ वापरू नका, तापला की त्याची वाफ विषारी असते. साधी झाकणाची शेगडी पुरते. तीही नसेल तर विटा मांडून चूल करा, वर जाळी आणि जाळीवर मोठं लोखंडी घमेलं पालथं घाला.

लाकडी कोळसा घ्या, दगडी नको. रॉकेल टाकून पेटवू नका, शेवटपर्यंत वास राहतो. निखाऱ्यांवर पांढरी राख चढेपर्यंत थांबा, मग सगळे निखारे एका बाजूला ओढा. चिकन दुसऱ्या बाजूला. चिकनखाली निखारा नको, हे लक्षात ठेवा, कारण गूळ आहे आणि सालीतून चरबी गळते, खाली आग असेल तर भडका उडतो, बाहेरून कोळसा आणि आत कच्चं.

धुरासाठी ३ चमचे ऑलस्पाइस आणि तमालपत्र अर्धा तास पाण्यात भिजवा, फॉइलमध्ये गुंडाळून पुडीला भोकं पाडा आणि निखाऱ्यांवर ठेवा. ऑलस्पाइसच्या फांद्या मिळाल्या असतील तर पुडी नकोच, ओल्या फांद्या सरळ निखाऱ्यांवर आणि पानं चिकनखाली जाळीवर. दोन्ही नसेल तर पेरूचं लाकूड चांगलं. प्लायवूड, फर्निचरचे तुकडे, रंग दिलेलं लाकूड, हे काहीही आगीत टाकू नका.

७. भाजणं

१. साल वर ठेवून चिकन थंड बाजूला मांडा, झाकण लावा, झाकणाची हवेची भोकं अर्धी उघडी. आत साधारण १५० अंश असावं.

२. पहिली २० मिनिटं झाकण उघडायचं नाही. बघू नका, फोटो काढू नका, धूर आत राहू द्या.

३. मग पलटा, मागचे तुकडे पुढे आणा. धूर कमी झाला तर दुसरी पुडी. मध्ये मध्ये दोन-चार निखारे वाढवावे लागतील, ते बाजूला पेटवून तयार ठेवा.

४. साधारण ५०-६० मिनिटांनी सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता, थर्मामीटर खुपसा. ७४ अंशाला चिकन खायला सुरक्षित असतं, पण लेगला ८० च्या वर जाऊ द्या, सांध्याजवळचं मांस तेव्हा सुटतं. थर्मामीटर नसेल तर सांध्याजवळ सुरी टोचा, पाणी स्वच्छ आलं पाहिजे, गुलाबी नाही.

५. आता शेवटची पाच-सात मिनिटं निखाऱ्यांच्या वर, झाकण उघडं, दर मिनिटाला उलटसुलट. साल फुगते, कडा काळ्या होतात. तेवढं काळं हवंच. धुरकट काळं आणि करपलेलं काळं यात फरक असतो, करपलेलं जिभेला कडू लागतं.

मग १० मिनिटं तसंच ठेवा.

८. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

घरात किंवा बंद बाल्कनीत कोळशाची शेगडी पेटवू नका. सोसायटीवाले ओरडतील हा मुद्दा वेगळा, पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावतात.

ओव्हन वापरा. ट्रेमध्ये तमालपत्रं पसरा, वर जाळी, जाळीवर चिकन, १६० अंशावर ५० मिनिटं, मग २२० वर करून वरच्या रॉडखाली ८-१० मिनिटं. धुरासाठी आपला धुंगार: एकच निखारा वाटीत, त्यावर कुटलेलं ऑलस्पाइस आणि चार थेंब तेल (तूप नाही, तुपाने लगेच मोगलाई होतं), झाकून पाच मिनिटं, खिडक्या उघड्या ठेवून. बॉस्टन बेचा माणूस हसेल, पण चव ८० टक्क्यांपर्यंत येते.

९. तोडणं, सॉस आणि सोबत काय

लेग अख्खा वाढायचा नाही. लाकडी ठोकळ्यावर ठेवून सत्तूराने हाडासकट खटाखट तोडायचा, घासाएवढे तुकडे, तिकडे असाच कागदात नाहीतर फॉइलमध्ये बांधून देतात. बाजूला काढलेलं वाटण थोडं पाणी, चमचाभर गूळ आणि व्हिनेगर घालून पाच मिनिटं उकळा, झाला सॉस. तो बाजूला द्या, वर ओतू नका, साल मऊ पडते.

सोबत तिकडे फेस्टिव्हल असतं, मैदा आणि मक्याच्या पिठात साखर आणि बेकिंग पावडर घालून लांबट वळून तळलेलं, तिखटावर हा गोडसर उतारा पाहिजेच. राइस अँड पीज म्हणजे नारळाच्या दुधातला भात, त्यात राजमा, थाईम, ऑलस्पाइसचे चार दाणे आणि वर न फोडता ठेवलेली अख्खी मिरची. ख्रिसमसच्या सुमारास राजम्याऐवजी गुंगो पीज घालतात, म्हणजे आपली तूर. डिसेंबर-जानेवारीत बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा येतात तेव्हा हा भात कराच.

आणि मालवण-गोव्याकडच्यांनो, तुमच्या नीरफणसाची फक्त कापं करत बसू नका. जमैकात तो १७९३ मध्ये कॅप्टन ब्लाय पॅसिफिक बेटांवरून घेऊन आला आणि आज जर्कबरोबर हक्काने खातात. अख्खा नीरफणस निखाऱ्यात टाका, सगळीकडून काळाकुट्ट झाला की साल सोलून फोडी करा, वर थोडं लोणी आणि मीठ.

२०१८ मध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफने जर्क राइसचं पाकीट काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि बऱ्याच जणांची तक्रार हीच होती की त्यात ऑलस्पाइस पण नाही आणि स्कॉच बॉनेट पण नाही. तेव्हा पाहुण्यांमध्ये कोणी कॅरिबियन असेल तर सोया सॉसवर वाद घाला, सोबत भात का ब्रेड यावर घाला, पण ऑलस्पाइस आणि स्कॉच बॉनेट किंवा तिच्या वासाची मिरची नसताना त्याला जर्क म्हणू नका.

उरलेलं चिकन फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं. गरम करताना मायक्रोवेव्ह नको, तव्यावर झाकून, साल खाली. वाटण जास्त झालं असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, पण तो ट्रे वेगळा ठेवा आणि घरात सगळ्यांना सांगा, नाहीतर कोणीतरी सरबतात टाकेल.